तावेर्न : गोव्याच्या खेड्यातील एक जुनी बैठक

आमच्या बेळगावच्या घरात ‘तावेर्न’ हा शब्द मोठ्याने उच्चारला जात नसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गोव्याला आजोळी गेलेले कोणी परत आले की आजी मामांची खुशाली विचारी आणि मग आवाज उतरवून, “अजून ‘तिकडे’ जातो का रे?” एवढेच म्हणे. ‘तिकडे’ म्हणजे कोठे, हे घरातील लहानथोरांस ठाऊक होते. मामा बार्देस तालुक्यातील एका खेड्यात मराठी शाळेचे मास्तर होते, आणि त्या खेड्याच्या तिठ्यावर एक तावेर्न होती.

शब्द पोर्तुगीज, परंतु वस्तू तेवढ्याने परकी ठरत नाही. पोर्तुगीजांच्या आधीपासून कोकणपट्टीत माडाची सूर काढली जात होतीच. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात माडाच्या सुरेची आणि तिच्यापासून गाळलेल्या मद्याची नोंद केली आहे. त्यात ‘उर्राक’ हे नावही येते. ते मुळात अरबी ‘अरक’. ओर्ताच्या ग्रंथात काजू मात्र नाही. ब्राझीलमधून आणलेले ते झाड त्याच शतकात या किनाऱ्यावर रुजले. डोंगरउतारावर सहज वाढणाऱ्या त्या झाडाच्या बोंडांनी पुढे माडाच्या दारूला मागे टाकले.

कृती अनेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. जांभ्या खडकात कोरलेल्या कोळंबीत बोंडे पायांनी तुडवायची, रस आंबवायचा आणि भाटीवर चढवायचा. पहिल्या ऊर्ध्वपातनात उतरते ती उर्राक, सौम्य आणि त्या उन्हाळ्यातच संपवायची. ती पुन्हा रसाबरोबर भाटीवर चढविली की फेणी. तिच्यात मद्यार्क साधारण ४० ते ४५ टक्के असतो. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हटले की कडक दारू डोळ्यांसमोर येते. त्या समजुतीने उर्राक मागणारा घाटावरचा पाहुणा हमखास फसे आणि दुसऱ्या दिवशी फेणी मागताना दुसऱ्यांदा फसे.

हे मद्य गाळणाऱ्याच्या घरून पिणाऱ्याच्या घशापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर तावेर्न उभी होती, आणि त्या वाटेवर सरकारचेही लक्ष होते. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत जो करार झाला, त्याने गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आणला आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या धर्तीची अबकारी गोव्यात लागू केली. सूर काढणाऱ्या रेंदेरांवर आणि भाटीवाल्यांवर कराचा बोजा पडला, असंतोष माजला, आणि १८९२च्या जानेवारीत तो करार संपुष्टात आला. मागे उरली ती परवान्याची रीत. आणखी एक गोष्ट उरली. त्याच कराराच्या पोटी मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे आली, आणि बेळगावच्या माणसाला गोवा एका रात्रीच्या अंतरावर आला.

आमच्या पिढीच्या बालपणी मात्र ते अंतर पुन्हा वाढले होते. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात. त्या राज्यात १९४९च्या कायद्यानुसार १९५० पासून संपूर्ण दारूबंदी लागू झाली. मुंबईत ‘आंटी’चे अड्डे निघाले. तेथे नवटाकाच्या मापाने, दाराला कडी लावून, उभ्याउभ्या घोट घ्यायचा आणि पोलिसाची चाहूल लागताच मागच्या दाराने निघायचे. घाटाखाली, परकीय सत्तेच्या मुलखात, तीच वस्तू भरदिवसा बाकावर बसून पिता येत होती. पुढे आर्थिक नाकेबंदी आली, १९५५ साली रेल्वे वाहतूकही थांबली, आणि आजोळ तोडले गेले ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. दारूबंदीचा आणि नाकेबंदीचा तसा संबंध नाही. आमच्या आजीच्या मनात मात्र तो पक्का होता. मुलगा तावेर्नमध्ये जातो आणि आपण त्याला आवरायला जाऊ शकत नाही, एवढे एकच दुःख तिला दोन्ही सरकारांकडून मिळाले.

आम्ही स्वतः तावेर्नची पायरी चढलो ती १९७२च्या मे महिन्यात, मामांच्या मागोमाग. घराचीच एक पुढची खोली, अर्धवट उंचीचे दार, आत अंधार आणि आंबूस गोड वास. फळीवर काचेचे मोठे गराफांव, त्यांच्या तोंडाशी बुचे, एक लाकडी टेबल, भिंतीलगत दोन बाक. पलीकडे त्याच मालकाचा पोसरो, म्हणजे वाणसामानाचे दुकान. तेथे साबण, रॉकेल, वाती मिळत. त्यामुळे तावेर्नकडे जाणारा प्रत्येक माणूस ‘साबण आणायला’च निघालेला असे.

मालकाने मामांना पाहताच “यो मास्तर” म्हटले आणि टेबलाकडे न नेता कपाटाआडच्या बाकावर बसविले. हा मान आहे, असे आम्हांस तेव्हा वाटले. नंतर उमगले की त्या बाकावरचा माणूस रस्त्यावरून दिसत नाही. मामांचे विद्यार्थी वडिलांसाठी बाटली न्यायला तेथे येत, आणि गुरुजींनी व विद्यार्थ्यांनी एकमेकांस पाहू नये याची काळजी मालक गेली वीस वर्षे घेत होता. त्याबद्दल दोघांत एका शब्दानेही कधी बोलणे झाले नव्हते. पुढच्या आयुष्यात आम्ही बरीच हॉटेले पाहिली. गिऱ्हाइकाची लाज इतक्या निगुतीने सांभाळणारा माणूस पुन्हा भेटला नाही.

सेवा म्हणाल तर अगदी थोडी. कोप धुतलेला असे, पुसलेला असेलच असे नाही. उर्राकीत लिंबू, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. सोबत मिठाच्या पाण्यात मुरवलेला तोर, कधी उकडलेले अंडे, कधी भाजलेला सुका बांगडा; यांतले काय मिळेल हे मालकाच्या बायकोच्या मर्जीवर. मागून मिळत नसे, आणि आले तर त्याचे पैसे कधी लागत, कधी लागत नसत. दुपारी बारा वाजता चर्चची घंटा झाली की ख्रिस्ती गिऱ्हाइके बोलणे थांबवून उभी राहात, कपाळाला बोटे लावीत. मामाही कोप खाली ठेवीत. ती शांतता संपली की गप्पा सोडल्या तेथूनच पुढे सुरू.

मामी गेल्या त्या वर्षी मामांचे ‘साबण आणणे’ वाढले. आम्ही तेव्हा महिनाभर त्यांच्याकडे होतो. एके संध्याकाळी मामांनी तिसरा कोप मागितला. मालकाने ऐकले न ऐकलेसे केले. मामांनी पुन्हा मागितला. मालकाने फळीवरचा कंदील उतरविला, “आयज पुरो, मास्तर” म्हणाला आणि दुकान बायकोच्या हवाली करून आमच्याबरोबर घरापर्यंत चालत आला. वाटेत दोघे यंदाच्या आंब्यांविषयी बोलत होते. दुसऱ्या दिवशी मामा गेले तेव्हा दोनच कोप मिळाले, आणि पुढेही दोनच. मामा त्यानंतर अकरा वर्षे जगले.

एवढेच सांगून थांबलो तर तावेर्नचे चित्र फार गोड होईल, आणि ते खोटे होईल. त्याच मालकाच्या टेबलाच्या खणात एक लांबट वही होती. तीत शेजारच्या वाड्यावरच्या एका रेंदेराचे खाते होते. त्याला ‘आयज पुरो’ म्हटल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. त्याने काढलेली सूर तावेर्नकडे येई, तिची किंमत खात्यात जमा होई, आणि संध्याकाळी तो ती पिऊन पुन्हा नावे लिहवून घेई. त्याची बायको पहाटे मालकाच्या अंगणात भांडी घासायला येत असे, तीही त्याच खात्यापोटी. मास्तराची अब्रू गावाची होती. रेंदेराची कोणाची होती? हा प्रश्न आम्ही मामांना एकदा विचारला. ते म्हणाले, “त्याने मला मोजून दिले म्हणून तू त्याला चांगला म्हणतोस.” आणि गप्प राहिले.

मामा वारल्यावर आम्ही त्यांची उधारी फेडायला गेलो. मालकाने वही उघडली, चष्मा पुसला, दोनदा बेरीज केली आणि शेवटच्या आण्यापर्यंत घेतली. माफीची भाषा त्याने केली नाही, आम्हीही अपेक्षिली नव्हती.

नंतरचा काळ वेगाने गेला. किनाऱ्यावर पर्यटक आले, खेड्यापाड्यांत शीतपेटीवाले बार झाले, कारखान्यातील स्वस्त व्हिस्की आणि रम यांनी गराफांवांची फळी व्यापली. फेणीचे नशीब मात्र कागदावर उजळले: २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन लाभले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला ‘देशी दारू’च्या रकान्यातून काढून वारसा पेयाचा दर्जा दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीस बंदी केली. लहान वस्त्यांसाठी हे अंतर पुढे २२० मीटर झाले, तरी १ एप्रिल २०१७ पासून गोव्याच्या चिंचोळ्या भूमीवरील रस्त्याकाठची कैक दुकाने अडचणीत आली. आदेशामागचे कारण अपघातांचे होते आणि ते खोटे म्हणवत नाही. पण तिठ्यावरची तावेर्न तिठ्यावर असते ती गाड्यांसाठी नव्हे. चारी वाड्यांना चालत येण्यास सोयीची म्हणून.

मध्यंतरी किनाऱ्यावरच्या एका झगमगीत मद्यगृहात आमच्या नातवाने आम्हांस नेले. उर्राक मागितली तर पेयपत्रिकेत ती फळांच्या रसात मिसळून, उंच पेल्यात, मिरची काठाला खोचून आलेली. वाढणारा मुलगा फार अदबीचा. दर पाच मिनिटांनी सारे ठीक आहे ना, असे विचारी. आमच्या वयाकडे पाहून तिसऱ्या पेल्याला कोणी अडविले नसते. देयकात सेवेचे दहा टक्के वेगळे लावले होते.

परतताना मामांच्या गावी उतरलो. तिठा रुंद झाला आहे. तावेर्नच्या खोलीत आता भाड्याने दुचाक्या देण्याचे दुकान आहे. अर्धे दार काढून तेथे लोखंडी शटर बसविले आहे. कपाटाआडचा बाक बाहेर भिंतीलगत आणून ठेवला आहे. त्यावर दिल्लीकडची दोन मुले हेल्मेटची वाट पाहात बसली होती. आम्हांस पाहून त्यांनी सरकून जागा दिली.