खोताच्या गावात कुळे जगली कशी?

सर्वंकष सत्ता हा शब्द उच्चारला की आपल्यापुढे हिटलरचा जर्मनी उभा राहतो, स्टालिनचा रशिया उभा राहतो. थोडे जवळ यायचे तर सालाझारच्या अमलाखालचा गोवा आठवतो. तिथे लग्नाची पत्रिका छापायची तरी सरकारी तपासनिसाची परवानगी लागत असे, आणि हा अंमल १९६१ च्या डिसेंबरात संपला. अशा राजवटीत साधी माणसे जगतात कशी, या प्रश्नावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण कारखान्यांच्या फाटकांवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून तोच प्रश्न आम्ही आमच्या पेण-रोह्याच्या मातीत उतरवून पाहणार आहोत.

जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात, पेण, रोहा, माणगाव, महाड या तालुक्यांत खोती गावे होती. पेण-अलिबागच्या खारेपाटात सावकार-जमीनदारांची कुळे होती. नावे निराळी, पण कुळाचे भोग सारखेच. खोत हा मुळात सरकारसाठी गावचा सारा गोळा करून भरणारा. पुढे हे काम वंशपरंपरेचे झाले आणि खोत गावाचा धनी होऊन बसला.

त्याची सत्ता कशात होती? कसायची जमीन त्याच्या हातची. बी त्याच्याकडचे. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झाली की खावटीचे भात त्याच्याच दारातून आणायचे आणि सुगीला दीडीने फेडायचे. खळ्यावर माप धरणारा माणूस त्याचा. त्यावर पुन्हा वेठ, म्हणजे त्याच्या शेतात फुकट नांगर आणि त्याच्या चुलीला फुकट लाकूडफाटा. कबुलायतीवर कुळाचा अंगठा असे, पण तीत काय लिहिले आहे ते कुळाला वाचता येत नसे. तालुक्याच्या कचेरीत खोताला खुर्ची मिळे आणि कूळ दाराबाहेर उभे राही. जमीन, धान्य, कर्ज, माप आणि न्याय या पाचही किल्ल्या एकाच जुडग्यात होत्या. ज्याच्या हाती असे जुडगे असते त्याला गुप्त पोलिसांची गरज पडत नाही. कोणाच्या घरावर आज धूर दिसला नाही हे ओटीवर बसूनच कळते.

तथापि आम्ही खोती आणि हिटलरशाही एका पारड्यात घालत नाही. खोताच्या गावाला वेस होती आणि वेशीबाहेर मुंबईची वाट होती. हा फरक लहान नव्हे. पुढे त्याचे महत्त्व दिसेलच.

अशा गावात कूळ जगले ते कशाच्या बळावर? पहिले बळ घरातल्या बाईचे. पावसाआधी आगोट करायची, म्हणजे सुकी मासळी, मीठ, मिरची, सरपण यांची चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची. वरकस जमिनीतली नाचणी-वरी जपून वापरायची. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे या रानभाज्या कोणत्या आठवड्यात कोणत्या उतारावर उगवतात हे ध्यानात ठेवायचे. रानातून आलेली प्रत्येक पाटी म्हणजे खोताच्या वहीत न चढलेली खावटी होती. दुसरे बळ सावडीचे. आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू. या व्यवहारात पैसा नाही, व्याज नाही, कागद नाही. म्हणूनच त्याच्यावर खोताला हात टाकता आला नाही.

तिसरे बळ मुंबईचे. घरातला एक मुलगा गिरणीत जाई, गाववाल्यांच्या खोलीत दाटीने राही, खाणावळीत जेवी आणि गावी मनीऑर्डर पाठवी. गावात येणारा एवढाच पैसा असा होता की जो खोताच्या हातून येत नसे. याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप जवळजवळ सहा महिने चालला, तेव्हा हजारो कामगार कोकणात आपापल्या गावी आले आणि घरच्या भातावर राहिले. कुळाला गिरणीने तारले आणि संपवाल्याला कुळाने. कामगार चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे येतात. या भाताचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

चौथे बळ मौनाचे. आमच्या आजोबांच्या पिढीची माणसे खोतापुढे ‘होय जी’ म्हणत आणि घरी येऊन खरे मोजमाप दोरीच्या गाठींत ठेवीत. काही सुशिक्षित या मौनाला गुलामी म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. ज्याच्या मुलाबाळांचा घास दुसऱ्याच्या मुठीत आहे त्याने रोज उठून छाती पुढे काढावी, असे सांगणाऱ्याने आधी त्याच्या श्रावणाची सोय करावी.

आणि हे मौन कायमचे नव्हते. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सभा भरली. जमीन कसायचीच नाही, असे तिथे ठरले. पंचवीस गावे संपात उतरली आणि तो १९३९ पर्यंत टिकला. सरकारने सभांना बंदी केली. डॉ. आंबेडकर १९३४ साली चरीला येऊन गेले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खारेपाटात जमीन पडीक टाकणे म्हणजे एका सालचे पीक बुडवणे नव्हे. बांधाला दरसाल चिखल घातला नाही तर तो फुटतो, खाडीचे पाणी आत येते आणि शेत कित्येक वर्षे नासते. हे ठाऊक असून कुळांनी नांगर खाली ठेवला. त्या वर्षांत त्यांनी रानातली लाकडे विकली, मिळेल ती मजुरी केली, गुरे विकली.

पुष्कळांना वाटते की पुढाऱ्याने झोपलेली गावे जागी केली. आमचा अनुभव निराळा सांगतो. पुढाऱ्याने दिवस ठरवला, मागणी लिहिली, गावे एकत्र बांधली. हे काम मोठेच आहे. पण पीक हाती नसताना वर्ष काढण्याची विद्या गावाजवळ आधीच होती. आगोट, सावड, रान आणि मुंबई यांच्याच आधारावर संप उभा राहिला.

या लढ्यानंतर १९३९ आणि १९४८ चे कुळकायदे आले, १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या दिवसापासून कसणारा मालक मानला गेला.

मात्र गावकुसाबाहेरच्या कातकऱ्याचे नाव कुळाच्या रकान्यात बहुधा नव्हतेच. कायदा कागद पाहून जमीन देतो, आणि त्याच्याजवळ कागद नव्हता. जगण्याची विद्या तर त्याची आमच्याहून खोल. कडू कंद किती पाण्यांत उकळला म्हणजे खाता येतो, हे त्यालाच ठाऊक. सावडीत मात्र आम्ही गाववाल्यांनी त्याला बरोबरीने घेतले नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तरी आजही पेण-रोह्याच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे उचल घेऊन पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. उचल देणारा, झोपडीला जागा देणारा, बाजार भरून देणारा आणि शेवटी हिशेब करणारा तिथे बहुतेक एकच माणूस असतो. तेच जुडगे फक्त दुसऱ्या कमरेला लटकते आहे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच. भट्टीवर किंवा कंत्राटी मजुरांत काम करायला गेलात तर पहिल्या दिवशी भाषण करू नका. किती किल्ल्या एका हातात आहेत ते मोजा आणि त्यातली एक कशी सुटेल ते पाहा. वाडीत पावसाळ्यापुरते धान्याचे कोठार झाले, तरी उचलीची गरज कमी होते. मुकादमाची वही वाचणारी एक मुलगी वाडीत शिकली, तर हिशेब त्याच्या एकट्याचा राहत नाही. माणसे भित्री आहेत म्हणून गप्प आहेत, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्यांच्या घरात पुढच्या श्रावणाचे भात आहे की नाही, हे आधी विचारा.