माशीची ओळख

वर्धा जिल्हा कापसाचा आणि तुरीचा. अळी ही येथील शेतकऱ्याची पिढीजात वैरीण. याच जिल्ह्यांत तुती लावून रेशीमकिडे पाळणारीं कुटुंबेंहि आहेत. त्यांचें मात्र अळी हेंच धन. टॅकिनिड कुळांतील माश्यांचीं अपत्यें जिवंत अळीला आंतून खाऊन वाढतात. म्हणून हें कुळ एका घरीं मित्र, तर दुसऱ्या घरीं शत्रु ठरतें. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या घाटेअळीवर ‘कार्सेलिया इलोटा’ वाढते. रेशीमकिड्याचा घास घेते ती ‘उझी’. सामान्य डोळ्यांस दोघीहि राखी रंगाच्या साध्या माश्याच. तेव्हां त्यांची पारख हा केवळ पंडितांचा विरंगुळा नव्हे.

उझीच्या नांवाचा इतिहास उद्बोधक आहे. १८३० सालीं वीडमान यांनीं एका माशीस ‘सॉर्बिलन्स’ म्हटलें. १८८० सालीं लुई यांनीं बंगालच्या रेशीमकिड्यावरील माशीस ‘बॉम्बिसिस’ हें नांव दिलें. पुढें शंभर वर्षें हीं नांवें ग्रंथांतून एकमेकांच्या जागीं येत राहिलीं. माशी मात्र नांवासाठीं थांबली नाहीं. १९८० सालीं बंगालच्या कोशांबरोबर ती कर्नाटकांत शिरली आणि तेथील रेशीमघरांची तिनें मोठी हानि केली.

२००३ सालीं कॅनडांतील गेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनीं नवा मार्ग सुचविला. प्राण्याच्या पेशींतील एका ठराविक जनुकाचीं सुमारें ६५० अक्षरें वाचून त्यावरून त्याची जात ओळखावी, हाच डीएनए बारकोड. त्यास माशीचा एक पायहि पुरतो. २००६ सालीं कोस्टा रिकांतील ग्वानाकास्ते येथील ‘बेल्वोसिया’ माश्यांच्या २० मानलेल्या जाती या रीतीनें ३२ ठरल्या. ज्या तीन जाती नाना प्रकारच्या अळ्या खातात असा समज होता, त्यांतील प्रत्येक म्हणजे ठराविक अळ्यांवरच जगणाऱ्या अनेक जातींचा समूह निघाला. यावरून, एका अळीवर उपयोगी पडलेली माशी दुसरीवरहि पडेल, हें गृहीत धरणें किती फसवें, तें उघड होतें.

तथापि बारकोड ही तुलना आहे. जाणत्यानें अंगावरील राठ केस न्याहाळून नांव दिलेला नमुना संग्रहांत नसेल, तर तीं अक्षरें मुकींच राहतात. म्हणून यंत्राबरोबर जाणता डोळाहि जपला पाहिजे, व विदर्भाच्या शेतांतील माश्या संग्रहीं आल्या पाहिजेत, असें आम्हांस वाटतें. विषारी फवारा मित्र-शत्रु पाहत नाहीं. तो भेद माणसानेंच आधीं करावयाचा असतो.