गाव गेले, वाडा राहिला

नागपुराहून सातपुड्याकडे निघालेल्या प्रवाशास सौसर आणि पांढुर्णा ही गावे मध्यप्रदेशात लागतात. कानांवर मात्र मराठीच पडत राहते. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मागे राहिला आणि त्याबरोबर हा मराठी मुलूखही. २०२३ साली याच दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीच्या दर्शनास जाणाऱ्या आमच्या वाचकांस हा प्रदेश अपरिचित नसेल.

जुनी घरे सावरून त्यांत पाहुण्यांस मुक्कामास ठेवण्याची रीत आता सर्वत्र पडत आहे. सावंतवाडीच्या राजवाड्याचा काही भाग २०२२ पासून असा खुला झाला. छिंदवाडा जिल्ह्यातील साबरवानी येथे तर आदिवासी कुटुंबांच्या अंगणात शहरचे पाहुणे उतरतात. मग सौसर-पांढुर्ण्याकडील मालगुजारी वाड्यांनीच का मागे राहावे, असा प्रश्न कोणी करील. प्रश्न रास्त आहे; पण या वाड्यांचा इतिहास निराळा आहे आणि तो ध्यानी घेतल्यावाचून दुरुस्तीस हात घालू नये, असे आम्हांस वाटते.

हा मुलूख प्रथम देवगडच्या गोंड राजांचा, पुढे नागपूरकर भोसल्यांचा. १८५४ साली इंग्रजांनी तो खालसा केला. १८६०च्या दशकातील बंदोबस्तात त्यांनी गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारास गावाचा मालकच करून टाकले. काल जो वसूलदार होता, तो लेखणीच्या एका फटकाऱ्याने धनी झाला. त्याचा वाडा म्हणजे नुसते राहते घर नव्हे. तीच गावची कचेरी, तेच धान्याचे कोठार, तीच सावकाराची पेढी. माजघरात बंगईवर धनी, ओसरीवर कुळे. दौऱ्यावरचा अंमलदार, वाटेवरचा गोसावी, उत्सवाचा कीर्तनकार यांचा मुक्काम तेथेच. पावसाळ्यापूर्वी छपरावरची कवेलू फेरावयास गावातील माणसे येत, आणि पुष्कळदा ती वेठीनेच येत. सागवानी खांबांची तारीफ करताना हेही विसरून चालावयाचे नाही.

३१ मार्च १९५१ रोजी मध्यप्रदेशच्या मालकी-हक्क निर्मूलन कायद्याने ही सारी व्यवस्था संपली. गावे सरकारात जमा झाली, कुळांना न्याय मिळाला. त्या कायद्याच्या ५व्या कलमाने इमारती मात्र मालगुजाराकडेच राहू दिल्या. गाव गेले, वाडा राहिला! ज्या उत्पन्नावर तो उभा होता ते गेले, फुकटची मजुरी गेली. दहा खणांची माडी आणि दरसाल फेरावयाची कवेलू मात्र तशीच राहिली.

पुढे वारसांची गर्दी झाली. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात राहत्या घराची वाटणी मागण्यास स्त्री-वारसांस अडसर होता. २००५ साली तो निघाला, हे योग्यच झाले. पण त्यामुळे वाड्याच्या दुरुस्तीपूर्वी नागपूर, पुणे, कदाचित सातासमुद्रापलीकडे असलेल्या प्रत्येक हिस्सेदाराची सही हवी. आमच्या व्यवसायात दिसते ते हेच की, घरे पावसाने पडतात त्याहून अधिक न झालेल्या सह्यांनी पडतात. यास्तव पहिला जीर्णोद्धार दस्तऐवजांचा करावा.

नंतरच गवंडी बोलवावा, आणि तोही चुना जाणणारा. मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते व भिंत पोखरते. मंदिराच्या जीर्णोद्धारात गाभाऱ्याचा मान प्रथम राखतात, हे आपण जाणतोच. वाड्यातही देवघर पाहुण्यांच्या खोल्यांत मोडू नये. आपल्याकडे देवस्थानच्या अग्रशाळेत कुळावी उतरतो तो कुलदेवतेच्या नात्याने. वाड्यातील पाहुणा पैसे मोजून येतो. कायद्याच्या दृष्टीने तो भाडेकरू नव्हे, केवळ परवानगीने राहणारा; हे करारात स्वच्छ लिहावे, नाहीतर उद्या कोर्टाची पायरी आहेच.

आणखी एक कलम आम्ही आग्रहाने सुचवू. ओसरी भाड्याने देऊ नये. ती गावास मोकळी ठेवावी. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी वेठीने कवेलू फेरली, त्यांच्या नातवंडांस येथे आचारी, माळी, वाटाड्या म्हणून आधी विचारावे, आणि महिन्याच्या महिन्यास रोख वेतन द्यावे.