‘चढ’ या शब्दाचा चढउतार

जुने कागद वाचणारांस अनोळखी शब्द जितका फसवितो, त्याहून ओळखीचा शब्द अधिक फसवितो. अनोळखी शब्दापाशीं वाचक थबकतो व कोश उघडतो. ओळखीच्या शब्दावरून तो बेधडक पुढें जातो. ‘चढणें’ हा शब्द असाच आहे. त्याविषयीं आमची स्वतःची चूक प्रथम सांगून मग विवेचन करितों.

बुलढाणें जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग लोक आजहि मानितात. बुलढाणें, चिखली, मेहकर, लोणार हीं घाटावर. मलकापूर, नांदुरें, शेगांव, जळगांव जामोद हीं घाटाखालीं. मध्यें अजिंठ्याच्या डोंगराची रांग. फारशी दप्तरांतील बालाघाट व पाईनघाट हीं नांवें याच भेदाचीं होत. ‘बाला’ म्हणजे वरचा व ‘पाईन’ म्हणजे खालचा. या घाटाच्या कडेस असलेल्या एका गांवीं, एका घरच्या रुमालांत, आम्हांस एक मोडी फर्द पाहावयास मिळाली. तींत कांहीं शेतांच्या नांवांपुढें ‘चढ’ असा शब्द होता. गांव डोंगराच्या कुशींतलें. तेव्हां चढ म्हणजे चढणीची हलकी जमीन, असें आम्हीं ठरवून टाकिलें, व गांव दरिद्री असल्याचें टिपणहि करून ठेविलें. पुढें आंकड्यांची बेरीज ताडून पाहतां उघड झालें कीं, येथें चढ म्हणजे गतसालाहून वाढलेला आकार. ज्या शेतांस आम्हीं हलकीं समजत होतों, त्यांवरच सारा वाढला होता. एका दोन अक्षरी शब्दानें गांवाचा इतिहासच उलटा वाचला गेला!

आतां शब्दाचें मूळ पाहूं. संस्कृतांत वर जाण्याच्या अर्थीं ‘आ’ उपसर्गासह रुह् धातु येतो. रुह् म्हणजे मुळांत बीं उगवणें. आरोह, आरूढ हे शब्द त्याचेच. ‘रूढ’ हाहि त्याचाच. शब्द रूढ झाला म्हणजे लोकांत रुजून वर आला. मराठी ‘चढ’ मात्र या धातूचा नव्हे. बाराव्या शतकांतील हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत आरुह् याच्या जागीं ‘चड’ व ‘वलग्ग’ असे दोन आदेश सांगितले आहेत. पहिल्याचें आपलें चढणें. दुसऱ्याचें जुन्या मराठींतील वळघणें. वळघणें पोथ्यांत राहिलें, चढणें लोकांच्या तोंडीं राहिलें, आणि सर्व अर्थांचा भार त्या एकट्यावर पडला.

तो भार चार प्रकारचा दिसतो. पहिला, प्रत्यक्ष वर जाण्याचा: घाट, झाड, घोडा चढणें, पहिल्या पावसांत ओढ्याच्या उलट येणाऱ्या माशांस चढणीचे मासे म्हणतात तेंहि यांतच. दुसरा, अंगावर घालण्याचा: चिलखत, पोशाख, मूर्तीवर शेंदूर चढविणें. पायांत घालावयाच्या एका जोड्याचें नांवहि चढाव. म्हणजे सर्वांत खालीं राहणाऱ्या वस्तूस चढण्यावरून नांव मिळालें. तिसरा, वाढण्याचा: ताप, नशा, आवाज, भाव चढणें, चढाओढ व चढेल हे शब्द याच कुळांतले. चौथा, दप्तराचा: रकमा खात्यावर चढवितात. पड जमीन लागवडीस यावी म्हणून सुरुवातीस थोडा व पुढें दरसाल चढता सारा ठरवून इस्ताव्याचा कौल देत, तेथें तिसरा व चौथा अर्थ एकत्र येतात.

पत्रांतील ‘चढे घोडियानिशीं’ या पदांत अर्थ आणखी सरकतो. तेथें घोड्यावर बसण्याचें वर्णन नसून विलंब न लावतां निघण्याची आज्ञा आहे. ‘चढाई’ची गोष्ट तशीच. इ. स. १५९१ मध्यें बुऱ्हाण निजामशहाच्या पक्षानें जमालखानाचा रोहिणखेड येथें पराभव केला. अहमदनगर घाटमाथ्यावर, रोहिणखेड घाटाच्या पायथ्याशीं. तेव्हां जमालखानाची फौज जमिनीच्या हिशेबानें घाट उतरून आली. तरी मराठींत त्यास चढाईच म्हणावें लागेल. इ. स. १७२४ मध्यें निजामुल्मुल्क व मुबारिजखान साखरखेर्ड्यास लढले, तें गांव तर घाटावरचेंच. चढाईंतील चढ भूमीचा नसून बळाचा आहे.

यावरून संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, ‘चढ’ दिसतांच अर्थ लिहूं नये. काय चढलें, कशावर चढलें, व तो शब्द कागदाच्या कोणत्या रकान्यांत आहे, हें आधीं पाहावें. फर्दीची नक्कल करितांना नुसते शब्द न उतरितां रकाने व आंकडे जसेच्या तसे उतरावे. शब्दाचा अर्थ पुष्कळदां शेजारच्या आंकड्यांत असतो. तसेंच घाटावरच्या व घाटाखालच्या वृद्ध शेतकऱ्यांस विचारून त्यांच्या तोंडचे अर्थ टिपून ठेवावे. आमचें तें चुकीचें टिपण आम्हीं फाडलें नाहीं. त्याखालींच दुरुस्ती लिहून तें फर्दीच्या नकलेसच जोडून ठेविलें आहे.