मौसिम ते मान्सून

आठवीच्या वर्गात एकदा फळ्यावर दोन शब्द लिहिले: उर्दूतला 'मौसम' आणि मराठीतला 'मान्सून'. दोन्ही अरबी 'मौसिम'ची लेकरं. मौसिम म्हणजे ठरलेली वेळ. कोणत्या वाऱ्यावर कोकणात यायचं आणि कोणत्या वाऱ्यावर परतायचं, हे अरबी खलाशी याच हिशेबाने ठरवत. इ.स. ९१६ च्या सुमारास चौलला आलेल्या अल-मसूदीनेही समुद्रावरच्या या ऋतूंबद्दल लिहिलं आहे.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, हजार वर्षांपासून कळतंय, तर २६ जुलैचा पूर आधी का नाही कळला?" २००५ मध्ये तो जन्मलाही नव्हता, घरी ऐकलेलं. पण प्रश्न रास्त होता.

हवामान खातं स्थापन झालं १८७५ मध्ये. १८७७ मध्ये पाऊस हुकला, दुष्काळ वाढला आणि पाऊस आधी कळावा ही निकड झाली. १९०४ मध्ये खात्याचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी ताडून पाहिल्या. पॅसिफिकवर हवेचा दाब वाढला की हिंद महासागरावर तो घटतो, आणि उलटही होतं, हे त्यांना दिसलं. पुढे याची गाठ एल निनोशी, म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापण्याशी, जुळली. तरी १९९७ मध्ये मोठा एल निनो असूनही आपला पाऊस हुकला नाही. १९९९ मध्ये साजी आणि जपानमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हिंद महासागराचाही असाच झोका असतो. पश्चिमेचं पाणी पूर्वेपेक्षा जास्त तापलं की आपल्या पावसाला बहुधा जोर येतो. १९९७ मध्ये तसंच होतं, २०१९ मध्येही.

पण महासागर हंगाम सांगतो, दिवस नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७४. एवढा फरक टिपायला रडार, उपग्रह आणि दर तासाच्या नोंदी लागतात.

आपल्याकडे तर तासच मोलाचे. माळशेजकडून येणारी मुरबाडची काळू, तिला मिळणारी शहापूरची भातसा, आणि पुढे उल्हास. घाटात कोसळलेलं पाणी खाली यायला वेळ लागत नाही. २७ जुलै २०१९ ला याच उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजारावर प्रवासी सुखरूप काढले गेले.

इशारा मोबाईलवर येतो. पाड्यावर रेंज नसते. तिथे ग्रामपंचायतीची दवंडी, देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा, जे असेल ते वापरावं.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, "मोरीवरून पाणी जात असेल तर शाळेत येऊ नकोस. गैरहजेरीचं मी बघून घेईन."