पोर्तुगीज शिकण्याची पुणेरी गरज

17 डिसेंबर 1779 रोजी पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, तेव्हा गोवा सरकारचे पुण्यातले वकील होते नारायण विठ्ठल धुमे. आडनाव शेणव्यांचं, चाकरी पोर्तुगिजांची. गोव्यात इन्क्विझिशन 1812 पर्यंत टिकलं, पण दरबारी बोलणी करायला त्याच सरकारला हिंदू माणसं लागत. राज्याच्या दुभाष्याचं एक स्वतंत्र पदच होतं आणि दोन्ही भाषांत मुरलेल्या शेणवी घराण्यांनी ते पुष्कळ काळ सांभाळलं.

पुण्याची त्यामुळे सोय झाली आणि पंचाईतही. पोर्तुगीज जाणणारा माणूस समोरच्याच बाजूचा असल्यावर आपण ती कशाला शिकायची, असा विचार दरबारात झाला असल्यास नवल नाही. नुसत्या सहवासाची तर वाण नव्हती. पेशव्यांच्या लष्करात नोरोन्हा नावाचा पोर्तुगीज अधिकारी होता आणि 1792 मध्ये सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर क्वार्टर गेटजवळ शहरातलं पहिलं चर्च उभं राहिलं.

उलट दिशेने मात्र अभ्यास चालू होता. तहाच्या आदल्याच वर्षी, 1778 मध्ये, रोममध्ये मराठीचं एक व्याकरण छापलं गेलं, पोर्तुगीज भाषेत, मिशनऱ्यांसाठी. त्याच्या मथळ्यात निजामशहा आणि आदिलशहा यांच्या मुलखांचा उल्लेख आहे. ती राज्यं बुडून तोवर नव्वदहून अधिक वर्षं उलटली होती!

पुण्याला या भाषेची खरी निकड लागली ती राज्य गेल्यावर, इतिहास लिहिताना. 1910 मध्ये वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं, दप्तरं धुंडाळली जाऊ लागली. पण वसईची मोहीम असो की संभाजी महाराजांची 1683 ची गोव्यावरची स्वारी, शत्रूच्या बाजूचा कागद पणजीत पडून होता. कॉस्मे द गार्दा यांनी लिहिलेलं शिवचरित्रही 1730 मध्ये लिस्बनला छापलं गेलं होतं; ते इंग्रजीत आणलं कलकत्त्याच्या सुरेंद्रनाथ सेनांनी.

मराठीची ही उणीव भरून काढली गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले गावच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी (1894–1969). गोव्याच्या दप्तरखान्याची धुरा त्यांनी तीस वर्षं वाहिली. पोर्तुगिजांच्या दुभाष्यांवर आणि वकिलांवर 1952 मध्ये त्यांनी पोर्तुगीजमध्येच ग्रंथ लिहिला. वर आलेले धुमे त्याच परंपरेतले. पिसुर्लेकरांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ 1967 मध्ये पुणे विद्यापीठाने काढला. पुढे मंडळात बसून शिवचरित्राचा ध्यास घेतलेल्या गजानन मेहेंदळे यांनीही फारसीबरोबर पोर्तुगीजचा अभ्यास केला.

या कामासाठी भाषा शिकणाऱ्याला फाडफाड बोलता येणं दुय्यम. आधी जुनं हस्ताक्षर आणि तोडून लिहिलेले शब्द लावावे लागतात. मग आपलीच नावं ओळखायची: पोर्तुगीज लेखणीतला ‘एक्स’ हा बहुधा आपला ‘श’ असतो, हे उमगलं की आदिलशहा सापडतो. शिवाजी तिथे ‘सेवाजी’ होऊन बसलेला असतो.

भाषेचं रीतसर शिक्षण गोवा विद्यापीठात मिळतं, कागद पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. पुण्यातल्या ज्या तरुण अभ्यासकाला मोडी येते, त्याने पिसुर्लेकर वाचून पुढची पायरी म्हणून पोर्तुगीज हाती घ्यावी. भाषांतरांवर भागवण्याचे दिवस आता पुरे झाले.