किती देते?

पुण्यात असताना 'पिकअप' या शब्दाचा मला एकच अर्थ माहीत होता. "गाडीला पिकअप नाही राव!" आणि नवी गाडी घेतल्यावर पेढा तोंडात टाकता टाकता प्रत्येक नातेवाईक विचारतो तो दुसरा प्रश्न : "किती देते?" अमेरिकेत आल्यावर कळलं की इथे पिकअप ही चक्क एक गाडी असते. पुढे माणसं, मागे उघडा हौदा. आणि ती बाळगणारी मंडळी एकमेकांना हेच दोन प्रश्न विचारतात.

गेल्या महिन्यात मी माझा १९९२ चा डॉज पिकअप विकला. इंडियानात आमच्याकडे येऊन ज्यांनी ज्यांनी त्याच्या हौद्यात बसून फोटो काढलेत त्या सगळ्या भाचरांना ही बातमी द्यायची होती. फोनवर सांगितली असती, पण मग "का?" असं विचारलं असतं, आणि ते उत्तर लांब आहे. ते १९२९ पासून सुरू होतं. (हिच्या मते मला कोणी पत्ता विचारला तरी मी शनिवारवाड्यापासून सुरुवात करतो. असो.)

आमच्या घरापासून तासाभरावर कोलंबस नावाचं गाव आहे. तिथे क्लेसी कमिन्स नावाचा एक माणूस होता. शिक्षण आठवीपर्यंत. गावातल्या अर्विन नावाच्या बँकरकडे तो ड्रायव्हर आणि मेकॅनिक म्हणून कामाला होता. यंत्रांचं वेड बघून अर्विननी पैसे घातले आणि १९१९ मध्ये दोघांनी डिझेल इंजिनांची कंपनी काढली. सुरुवातीची इंजिनं शेतकऱ्यांसाठी होती, सीअर्सच्या कॅटलॉगमधून विकली जायची. सीअर्सची पैसे परत देण्याची हमी होती. शेतकऱ्यांनी हंगामभर इंजिन वापरलं आणि हंगाम संपल्यावर परत केलं. :) दहा वर्षं हे असंच, नफा नाहीच.

१९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शेअरबाजार कोसळला. अर्विन आता हात आखडता घेणार हे दिसत होतं. तेव्हा क्लेसीनं एक जुनी पॅकार्ड लिमोझिन घेतली, तिच्यात आपलं डिझेल इंजिन कसंबसं बसवलं आणि नाताळच्या दिवशी मालकाला फिरायला नेलं. अर्विन पैसे घालत राहिले. पुढच्याच महिन्यात क्लेसी तीच गाडी घेऊन इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला गेला. ७९२ मैल, ३० गॅलन तेल, खर्च एक डॉलर अडतीस सेंट. आपल्या हिशोबात लिटरला साधारण ११ किलोमीटर, तेही त्या धुडाला! "किती देते" या प्रश्नाला इतकं रोखठोक उत्तर मला तरी दुसरं माहीत नाही.

दुसरा प्रश्न बाकी होता, पिकअपचा. १९३१ मध्ये क्लेसीनं ड्यूझनबर्गच्या सांगाड्यावर डिझेल इंजिन ठेवलं आणि गाडी थेट इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरवली. डेव्ह इव्हान्स नावाचा ड्रायव्हर होता. बाकीचे टायरला, तेलाला थांबत होते, हा एकदाही थांबला नाही. न थांबता शर्यत पुरी करणारी ती पहिली गाडी. नंबर तेरावा आला, पण ३१ गॅलनमध्ये ५०० मैल! क्लेसीच्या डोक्यात वेग आणि काटकसर या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. तेल नीट जळलं की दोन्ही मिळतं, एवढं साधं.

त्याच वर्षी तो ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला होता. कॅलिफोर्नियात कहोन घाटाच्या उतारावर ब्रेक गेले आणि खाली रेल्वे फाटकावर गाडी आडवी आलेली. थोडक्यात वाचला. उतारावर इंजिनानंच गाडी आवरायची ती 'जेक ब्रेक' ची युक्ती त्यानं पुढे शोधून काढली ती या भीतीतून.

१९५२ ची शर्यत मला सगळ्यात आवडते. कमिन्सची डिझेल गाडी, फ्रेड अगाबाशियन चालक, आणि इंजिनाला टर्बो लावलेला. त्या शर्यतीत टर्बो पहिल्यांदाच दिसत होता. पात्रता फेरीत वेग ताशी १३८ मैल! सगळ्यात पुढची जागा मिळाली. आणि मग ७१ व्या फेरीला गाडी बाहेर. का? टर्बोचं हवा ओढायचं तोंड खाली होतं, रस्त्यावरच्या टायरच्या रबराची भुकटी आत जाऊन ते तुंबलं. सगळं गणित बरोबर, पण श्वास अडकला.

आता आमच्या घरातला धागा. १९६२ मध्ये या कंपनीनं किर्लोस्करांबरोबर पुण्यात कारखाना काढला, किर्लोस्कर कमिन्स, कोथरूडला. माझा मामा तिथे १९६४ साली लागला आणि चौतीस वर्षं टेस्ट बेडवर राहिला. जनरेटरची, डंपरची मोठमोठी इंजिनं. दिवसभर इंजिनाचा आवाज ऐकून घरी आला की रेडिओ सुद्धा मोठा लावू द्यायचा नाही. आजीच्या शिलाई मशीनला तेल घालताना मात्र कान लावून बसायचा.

पिकअपमध्ये हे इंजिन आलं १९८९ च्या मॉडेलला. डॉजची बॉडी १९७२ च्या साच्यातली, विक्री यथातथा. त्यात त्यांनी कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन टाकलं. हे मूळचं ट्रॅक्टर आणि मध्यम ट्रकसाठी बनवलेलं, तासन् तास पूर्ण ओझ्याखाली चालायचं. पिकअपमध्ये त्याला फक्त १६० अश्वशक्तीवर बांधून ठेवलं होतं, कारण त्याहून जास्त जोर मागचा गिअरबॉक्स सोसणार नव्हता. म्हणजे पैलवानाला कारकुनी दिल्यासारखं झालं. लोकांच्या हे लक्षात यायला किती वेळ लागणार?

इथे थोडं तांत्रिक. पेट्रोल गाडीत आपण पाय दाबतो तेव्हा हवा आणि पेट्रोल दोन्ही वाढतात. डिझेलमध्ये हवेला अडसर नसतो, येईल तेवढी येते. पाय दाबला की वाढतं ते फक्त डिझेल. म्हणून जोर वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे पंपातून जास्त डिझेल सोडणं. १९९३ पर्यंतच्या डॉजच्या बॉश पंपाला मागे एक स्क्रू असतो. कंपनीनं त्यावर कडं बसवलेलं असतं, ते काढलं की अर्ध्या वळशात गाडी बदलते. जास्त डिझेल म्हणजे जास्त गरम धूर, तो टर्बोला जोरात फिरवतो, टर्बो आणखी हवा आणतो. एका हद्दीपर्यंत हे छान जमतं. हद्द ओलांडली की डिझेल जास्त, हवा कमी, आणि मागून काळे लोट. एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि वेळीच पाय काढला नाही तर पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळतं. दुसरी युक्ती म्हणजे पंप किंचित फिरवून डिझेल थोडं आधी सोडायचं. त्यानं ॲव्हरेज खरंच थोडं सुधारतं, पण आत तापमान वाढतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं जास्त तयार होतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. काळा धूर निदान दिसतो तरी.

२००२ मध्ये गेल बँक्स यांच्या चमूनं लहान डॉज डकोटा पिकअपमध्ये हेच ५.९ चं इंजिन बसवलं आणि बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी २१७ मैल पळवला. तिथे जाताना तो ट्रक स्वतः रस्त्यावरून चालत, आपलंच सामान ट्रेलरवर ओढत गेला आणि गॅलनला २१.२ मैल दिले. लिटरला ९ किलोमीटर. काळा धूर न काढता. क्लेसीची जात ही.

माझी जात वेगळी निघाली. मी ट्रक घेतला २००७ साली, लाकडं आणायला आणि कॅम्पिंगचा ट्रेलर ओढायला. एका वहीत प्रत्येक टाकीचा हिशोब लिहायचो. गॅलनला १८ मैल, लिटरला साडेसात किलोमीटरच्या थोडं वर. २००८ च्या जुलैत डिझेल गॅलनला पावणेपाच डॉलरच्या वर गेलं. एक मित्र म्हणाला, स्क्रू वाढव, इंजिनाला कष्ट कमी पडतील, ॲव्हरेज वाढेल. ऐकायला इतकं पटण्यासारखं! एका शनिवारी दुपारी वाढवला. ट्रक असा उधळला की मी अर्धा तास नुसता हसत होतो. वही मात्र हसेना. साडेसोळा. जोर आला की पाय गप्प बसत नाही, हे त्या मित्राच्या गणितात नव्हतं.

पुढच्या महिन्यात कॅम्पिंगला निघालो. मी ट्रकमध्ये ट्रेलर घेऊन पुढे, ही मुलीला घेऊन मागे गाडीत, खिडक्या उघड्या. मुलगी सहा वर्षांची, तिचा इनहेलर नुकताच सुरू झालेला. हायवेला लागायच्या चढावर मी पाय दाबला. पहिल्या थांब्याला ही म्हणाली, "पुढच्या ट्रकवाल्याला मागच्यांचं काही वाटत नाही का, असं म्हणणार होते. मग लक्षात आलं, पुढचा ट्रक आपलाच."

मी लगेच स्क्रू परत फिरवला का? नाही. दीडेक वर्ष तसाच ठेवला. चढावर जपून दाबायचो आणि ही मागे नसली की जपायचोही नाही. हे इथे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण झालं ते असं.

२०१० मध्ये मामा आला. आधी त्याला कोलंबस बघायचं होतं. ज्या गावाचं नाव चौतीस वर्षं ड्रॉइंगच्या कोपऱ्यात वाचलं, ते. मग माझ्या ट्रकपाशी आला, बॉनेटवर हात ठेवला. "ही आमच्याकडे नव्हती. आमच्या इंजिनांची धाकटी बहीण." शेजारी बसून म्हणाला, चढावर घे. आरशात लोट दिसला तसा माझ्याकडे न बघता म्हणाला, "धूर म्हणजे न जळलेलं तेल. अरे, तू पंपावर पैसे मोजतोस आणि रस्त्यावर ओततोस. आणि कोणीतरी ते हुंगतं."

दोन दिवस तो चढ आम्ही पंधरा-वीस वेळा चढलो. मामा पाव-पाव वळसा स्क्रू मागे घ्यायचा, तापमानाचा काटा बघायचा, मागे बघायचा, वहीत त्याच्या त्या ठसठशीत मराठी आकड्यांत लिहायचा. मनासारखं झाल्यावर हिचं लाल नेलपॉलिश मागितलं आणि स्क्रू आणि पंपाच्या अंगावर मिळून एक रेघ ओढली. खूण. हलला तर कळेल. नंतर टायरची हवा बघितली, ती कमीच होती. "हायवेला साठच्या वर जाऊ नकोस," म्हणाला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, हे मला त्यानं नव्यानं सांगायची गरज नव्हती. पण पाळायला तो शेजारी बसावा लागला. परतीच्या टाकीला साडेअठरा.

तोवर बाहेर वेगळाच खेळ सुरू झाला होता. २००६ पासून अमेरिकेत डिझेलमधलं गंधक ५०० वरून १५ भागांवर आणलं आणि २००७ पासून नव्या पिकअपना काजळीची गाळणी आली. ही गाळणी तुंबली की जास्तीचं डिझेल वापरून काजळी जाळून टाकावी लागते, म्हणजे ॲव्हरेज घटतं. लोकांचा राग मी समजू शकतो. साठ-सत्तर हजारांचा ट्रक घ्यायचा आणि तो आपल्या पैशाचं तेल स्वतःच्याच नाकात जाळणार! मग गाळणी काढून सरळ नळी लावायची आणि संगणकाला गप्प करायचं, हा धंदाच झाला. इथल्या पर्यावरण खात्यानं २०२० मध्ये हिशोब मांडला : दहा वर्षांत साडेपाच लाखांवर डिझेल पिकअपची यंत्रणा काढलेली, त्यांच्या आयुष्यभरातला जादा नायट्रोजन ऑक्साइड ५ लाख ७० हजार टन. म्हणजे रस्त्यावर ९० लाख नवे धड पिकअप आणल्यासारखं. काहींनी तर धूर हाच खेळ केला, सायकलवाल्यांवर, छोट्या गाड्यांवर मुद्दाम सोडायचा. २०१५ मध्ये न्यूजर्सीनं त्याविरुद्ध कायदा केला.

आणि डिसेंबर २०२३ मध्ये बातमी आली की खुद्द कमिन्सनं १६७.५ कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. २०१३ ते २०१९ च्या ६ लाख ३० हजार रॅम पिकअपमध्ये चाचणीला चकवणारी यंत्रणा असल्याचा सरकारचा आरोप होता. कंपनीनं चूक कबूल केली नाही, पण पैसे भरले. मामा तेव्हा नव्हता. तो गेला २०२१ मध्ये. असता तर ही बातमी मी त्याला सांगितली असती का, कोण जाणे. त्याच्या हॉलमध्ये शेवटपर्यंत कारखान्याचं घड्याळ होतं.

तर ट्रक विकायला काढला तो जागा बदलतोय म्हणून. पहिलाच जो मुलगा बघायला आला तो विशीतला, त्याच्या वडिलांच्या गाडीतून. बॉनेट उघडायच्या आधी विचारतो कसा, "धूर किती काढतो?" मी म्हटलं, काढत नाही. तोंड पडलं त्याचं. मग आत वाकून बघायला लागला आणि ती लाल रेघ त्याला दिसली. हे काय? मग काय, मी सुरू झालो. पॅकार्ड, नाताळ, १९५२ ची रबराची भुकटी, कोथरूड, सगळं. हिनं दोनदा खिडकीतून डोकावून पाहिलं. त्याचे वडील गाडीतच झोपले. मुलानं मात्र सगळं ऐकलं, रेघेचा फोनवर फोटो काढला आणि स्क्रू किती वळसे मागे आणला तेवढं नेमकं विचारून घेतलं. त्याला रेघ ठेवायची आहे की वळसे परत मोजायचे आहेत, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

दुसरं गिऱ्हाईक आलं असतं, थांबता आलं असतं. ही म्हणालीही तसं. पण जाता जाता त्यानं दुसरा प्रश्न विचारला, किती देतो? मी वही काढून दिली. तो अंगणात उभा राहून पानं उलटत बसला, २००७ पासूनची. मग म्हणाला, ट्रकबरोबर वही पण मिळेल का?

दिली. मामाच्या आकड्यांचं पान तेवढं आधी फाडून घेतलं.